कपड्याचे आयुष्य लेबलावर छापा

कपड्याला लटकवलेल्या हिरव्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच गोष्ट लिहिलेली असते: धागा कशाचा आहे. सेंद्रिय कापूस, बांबू, पुनर्वापरातून आलेले पॉलिएस्टर. हा कपडा किती आटेल, त्यावर गोळे कधी येतील, रंग कधी विटेल, शिवण कुठे उसवेल, यातले काहीच तिथे नसते. पर्यावरणाच्या हिशेबात मात्र हीच माहिती सर्वांत मोलाची आहे. बहुतेक मोठ्या उत्पादकांच्या दप्तरी ती चाचणी-अहवालांच्या रूपात पडूनही असते. ती लेबलावर छापणे कायद्याने सक्तीचे झाले पाहिजे. तोवर पर्यावरणपूरक खरेदी म्हणजे अंदाजपंचे कारभारच राहणार.

आयुष्यावर एवढा भर का, ते आधी पाहू. कपडा आपल्या अंगावर चढण्यापूर्वीच त्याचा बराचसा भार पृथ्वीवर पडून गेलेला असतो. कापूस पिकवणे किंवा खनिज तेलापासून तंतू काढणे, सूत कातणे, कापड विणणे, आणि सर्वांत उष्णता खाणारे काम म्हणजे धुलाई, रंगाई व फिनिशिंग, जिथे पाणी तापवावे लागते आणि कापड पुन्हा पुन्हा वाळवावे लागते. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि ग्लोबल फॅशन अजेंडा ही संस्था यांच्या 2020च्या अहवालानुसार या उद्योगाच्या हरितगृह वायूंपैकी सुमारे 70 टक्के या टप्प्यांत तयार होतात. वाहतुकीचा वाटा जेमतेम तीन टक्के. आपण कपडा विकत घेतो तेव्हा हा खर्च होऊन गेलेला असतो. तो किती वेळा घालण्यांमध्ये विभागला जाणार, एवढेच आपल्या हाती उरते. 20 वेळा घालून टाकला जाणारा शर्ट 60 वेळा घातला, तर प्रत्येक वेळच्या वापरामागे निर्मितीचा भार एक तृतीयांश होतो. नुसता धागा बदलून एवढी बचत खात्रीने मिळत नाही.

आणि प्रवास उलट्या दिशेने चालला आहे. एलेन मॅकार्थर फाउंडेशनच्या 2017च्या अहवालात म्हटले आहे की 2000 ते 2015 या काळात जगातले कपड्यांचे उत्पादन जवळपास दुप्पट झाले आणि एक कपडा टाकून देण्यापूर्वी जितक्या वेळा घातला जाई, ते प्रमाण 36 टक्क्यांनी घटले. हे प्रमाण सरासरी दुप्पट झाले तर कपड्यांपायी होणारे उत्सर्जन 44 टक्क्यांनी कमी होईल, असाही त्यातला अंदाज आहे.

आता त्या हिरव्या चिठ्ठ्यांकडे वळू. त्या सगळ्याच खोट्या असतात असे नाही, पण त्यांचे बोलणे अर्धवट असते. सेंद्रिय कापसात कृत्रिम खते आणि रासायनिक कीटकनाशके वापरली जात नाहीत. जमिनीसाठी आणि शेतात राबणाऱ्यांसाठी हा फायदा खरा आहे. पण कापूस सेंद्रिय असला तरी रंगाईचा कारखाना नेहमीचाच असू शकतो. जीओटीएस हे प्रमाणपत्र धाग्यासोबत रंगाई-प्रक्रियाही तपासते आणि किमान 70 टक्के सेंद्रिय तंतू मागते. ओको-टेक्स स्टँडर्ड 100 हे तयार कपड्यात घातक रसायनांचे अंश किती उरले, एवढेच पाहते. ते त्वचेसाठी उपयोगी आहे. पण कापूस सेंद्रिय होता की नव्हता किंवा कोळसा किती जळला, याच्याशी त्याचा संबंध नाही. दोन्ही शिक्के दुकानात शेजारी शेजारी लटकतात आणि ग्राहक त्यांना एकच समजतो.

बांबूच्या बाबतीत फसगत जास्त होते. बाजारातले मऊशार 'बांबूचे कापड' जवळजवळ नेहमी व्हिस्कोस असते: बांबूचा लगदा कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडने विरघळवून काढलेला तंतू. कार्बन डायसल्फाइड कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. झाड झपाट्याने वाढते हे खरे, पण तयार धाग्यात त्या झाडाचे फक्त सेल्युलोज उरते. 2022मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या कारवाईनंतर कोल्स आणि वॉलमार्ट या कंपन्यांना व्हिस्कोसचा माल बांबू म्हणून विकल्याबद्दल मिळून 55 लाख डॉलर दंड भरावा लागला. झाडापासूनचाच धागा हवा असेल तर लायोसेल बरा; त्यातला द्रावक 99 टक्क्यांहून अधिक परत मिळवून पुन्हा वापरला जातो.

पुनर्वापरातले पॉलिएस्टर जवळजवळ सगळे पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांपासून येते. जुन्या कपड्यांपासून अगदी नगण्य. बाटलीची पुन्हा बाटली अनेकदा होऊ शकते. बाटलीचा टी-शर्ट झाला की साखळी बहुधा तिथेच संपते, कारण कपड्यापासून पुन्हा कपड्याचा धागा होण्याचे प्रमाण जगभरात एक टक्क्याहून कमी आहे. कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र कातलेले असतात आणि ते वेगळे करणे अवघड असते. यंत्राने कापड पिंजले तर तंतू आखूड होतात आणि नवे तंतू मिसळल्याशिवाय त्यांचे चांगले सूत निघत नाही. त्यात इलॅस्टेन, म्हणजे कपड्याला ताण देणारा कृत्रिम धागा, असेल तर पिंजणेही बिघडते. म्हणून 'हा कपडा पुन्हा वापरात येऊ शकतो' या वाक्यावर विसंबून काहीही विकत घेऊ नये.

धाग्यांना सरासरी गुण देऊन कपड्यांची तुलना करण्याचाही प्रयत्न झाला. 2022मध्ये नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने असे गुण देणाऱ्या हिग निर्देशांकातील धाग्यांच्या सरासरी आकड्यांवर आधारलेली जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली. निर्णय योग्यच होता. जगभरच्या कापसाची सरासरी काढून ती एका विशिष्ट शर्टाला चिकटवली, तर त्या शर्टाबद्दल काहीच कळत नाही. एक किलो सुती कापडामागे जगाची सरासरी सुमारे 10,000 लिटर पाणी सांगितली जाते. पण पावसावर वाढलेला कापूस आणि आटत्या नदीतून पाणी ओढून वाढवलेला कापूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मध्य आशियातला अरल समुद्र आटला तो दुसऱ्या प्रकारच्या कापसापायी.

लेबल बोलत नाही तोवर ग्राहकाला हातांनीच चाचणी घ्यावी लागते. तेवढा वेळ दुकानात जरूर काढावा. कपडा उलटा करा आणि आधी शिवण पाहा. विणलेल्या शर्टाच्या शिवणीत सेंटीमीटरला चार-पाच टाके असावेत. तीनहून कमी असतील तर घाईचे काम समजा. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून आडव्या ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला किंवा कापडाचेच धागे सरकू लागले, तर तिथे कपडा उसवणार. आत शिवणीची माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेले जादा कापड, किमान एक सेंटीमीटर हवी. पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत दोन-अडीच सेंटीमीटर माया असेल तर ती पुढे कधी सैल करता येते. अनेक कपडे फाटल्यामुळे नव्हे, होत नाहीत म्हणून कपाटात पडून राहतात.

टी-शर्ट घेताना खांदे जुळवून तो सपाट ठेवा. बाजूची शिवण सरळ खाली उतरली पाहिजे. नव्या कपड्यातच ती पोटाकडे वळत असेल तर दोन-तीन धुण्यांत आणखी पिरगळेल. जास्त पीळ दिलेले सूत आणि एकेरी वीण यांमुळे असे होते, आणि इस्त्रीने ते कायमचे सुधारत नाही. कापड उजेडासमोर धरा. विरळ-दाट ठिगळे दिसली तर सूत एकसारखे नाही. अंगठ्याने दाबून ताणा आणि सोडा. फुगवटा राहिला तर गुडघ्या-कोपरांवरही तो राहणार. मग कापडाचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर दहा-पंधरा वेळा घासा. लव उठली तर गोळे येणारच. आखूड तंतूंच्या, सैल पिळाच्या सुतात ते जास्त येतात, आणि कापूस-पॉलिएस्टरच्या मिश्रणात सर्वांत चिवट असतात: निव्वळ सुती कपड्यावरचा गोळा झिजून गळून पडतो, पण मिश्रणातला पॉलिएस्टरचा मजबूत तंतू त्याला धरून ठेवतो. गडद रंगावर ओला पांढरा रुमाल घासून पाहा. रंग आला तर तो इतर कपड्यांवरही चढेल. चेन पाच-सहा वेळा ओढून पाहा. जीन्समध्ये इलॅस्टेन एक-दोन टक्क्यांपर्यंत ठीक; त्याहून जास्त असले की उष्णतेने आणि घर्षणाने कपड्याचा ताण लवकर जातो.

ही सगळी तपासणी म्हणजे उत्पादकाने न सांगितलेल्या गोष्टी पुन्हा शोधून काढणे आहे. गोळे येण्याची आयएसओ 12945 ही चाचणी आहे आणि तिचा निकाल 1 ते 5 या श्रेणीत येतो. धुण्यात रंग किती टिकतो याची श्रेणी 1 ते 5, प्रकाशात किती टिकतो याची 1 ते 8. आटण्याची टक्केवारी मोजली जाते, शिवण सरकण्याचे मोजमाप होते, पिरगळण्याचेही होते. मोठे खरेदीदार कारखान्याकडून हे आकडे मागतात आणि ते न जुळल्यास माल परत करतात. शेवटच्या खरेदीदाराला, म्हणजे तो कपडा घालणाऱ्याला, तेवढे सांगितले जात नाहीत.

कपडा घरी आल्यावरचा सर्वांत मोठा प्रश्न धुण्याचा. इथे मात्र निम्म्याहून अधिक गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली गोष्ट, गरज नसताना धुऊ नये. अंतर्वस्त्रे आणि मोजे प्रत्येक वापरानंतर धुवावेत, घामेजलेला शर्टही. पण जीन्स, जाकीट, स्वेटर यांना बहुतेक वेळा रात्रभर वारा आणि डागापुरता ओला फडका पुरतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 16 टक्के बाष्प सहज सामावते, कापूस साडेआठ, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. पॉलिएस्टरला पाण्याचे वावडे आणि तेलाचे प्रेम. त्वचेची चरबी त्यात रुतून बसते, जिवाणू तिच्यावर पोसले जातात आणि धुतलेला शर्टही अंगात घालताच वास मारतो. अशा शर्टाला सुगंधी सॉफ्टनर घातला तर दुखणे वाढते. सॉफ्टनर तंतूवर थर चढवतो आणि तो थर वास आत कोंडतो. टॉवेलची पाणी शोषण्याची ताकदही त्यानेच जाते. त्याऐवजी 40 अंशांच्या 5 लिटर पाण्यात साधारण 20 ग्रॅम सोडियम परकार्बोनेट (ऑक्सिजन ब्लीच) विरघळवून तासभर भिजत घालावे. लोकर आणि रेशमाला हा उपाय वर्ज्य.

यंत्रातल्या धुण्यात वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते. 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला 0.7 युनिट लागते. 30 अंशांवर न्यायला 0.17, म्हणजे चौपट फरक. लेबलावरच्या टबच्या चिन्हातला आकडा हे कमाल तापमान असते, तेवढ्यावरच धुवा असा आदेश नसतो. आजच्या डिटर्जंटमधली एन्झाइम 20 ते 40 अंशांत चांगली चालतात: प्रोटिएज घाम-रक्तावर, लायपेज चरबीवर, अमायलेज पिठूळ डागांवर. लोकर आणि रेशीम मुळात प्रथिनेच असल्याने प्रोटिएज त्यांनाही कुरतडते; त्यांना एन्झाइमविरहित साबण लागतो. रक्ताचा डाग नेहमी गार पाण्यातच काढावा, गरम पाण्याने त्यातले प्रथिन गोठून धाग्यात पक्के बसते.

कमी तापमानाची एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. कायम 30 अंशांवर धुतल्यास यंत्राच्या रबरात आणि नळ्यांत बुळबुळीत थर साचतो आणि कपड्यांना कुबट वास येतो. महिन्यातून एकदा टॉवेल-चादरी किंवा रिकामे यंत्रच ऑक्सिजन ब्लीच असलेल्या पावडरीने 60 अंशांवर चालवावे आणि एरवी झाकण उघडे ठेवावे. घरात आजारपण असेल किंवा धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असेल तर 60 अंश योग्यच. साबण मात्र जास्त घालून उपयोग नाही. न निघालेला साबण कपड्यात राहून मळ धरतो आणि पांढरे कपडे करडे होतात. पाणी जड असेल तर मात्रा वाढते, तीही पुडक्यावर लिहिलेल्या मापानेच.

कृत्रिम कपड्यांतून सुटणारे सूक्ष्म तंतू हा वेगळा प्रश्न. पहिल्या काही धुण्यांत ते सर्वाधिक सुटतात, म्हणजे सतत नवे कपडे घेणाऱ्या घरातून जास्त. न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019मध्ये दाखवले की यंत्रातला नाजूक कपड्यांसाठीचा म्हणवला जाणारा कार्यक्रम पॉलिएस्टरमधून जास्त तंतू सोडवतो, कारण त्यात कपड्यांच्या मानाने पाणी फार असते. म्हणून पॉलिएस्टर थंड, कमी वेळाच्या, भरलेल्या फेरीत धुवावे. सुती कपड्यांच्या फेरीत ढोलाच्या वरच्या कडेखाली हाताचा पंजा जाईल एवढी जागा पुरे. यंत्राच्या जाळीत साठलेला लगदा नळाखाली धुतला तर सगळे पुन्हा गटारात. तो वाळवून कोरड्या कचऱ्यात टाकावा.

वाळवण्यासाठी दोरीला तोड नाही. ड्रायर वापरावाच लागत असेल तर आधी पिळण्याचा वेग वाढवा. मिनिटाला 800 फेऱ्यांवर पिळलेल्या सुती कपड्यांत त्यांच्या वजनाच्या सुमारे 70 टक्के पाणी राहते, 1400वर सुमारे 50. पाच किलो कपड्यांत हा फरक एक लिटर पाण्याचा, आणि ते वाफेने उडवायला यंत्राला अर्ध्या युनिटहून जास्त वीज लागते. ड्रायरच्या जाळीत साठणारी लव म्हणजे झिजलेला कपडाच. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवावेत. स्वेटर टांगू नये, पाण्याच्या वजनाने तो लांबतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा आणि सपाट वाळवावा. रंग पक्का व्हावा म्हणून मीठ किंवा व्हिनेगर घालण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो. रंगाईच्या हौदात मिठाचे काम असते, पण रंगून झालेल्या कपड्यात सुटलेला रंग ते परत बसवत नाही.

दुरुस्ती वेळेवर केली तरच सोपी असते. कापड विरू लागले की, भोक पडण्याआधीच, रफू करावा. विरलेल्या भागाच्या सेंटीमीटरभर बाहेरून, मजबूत कापडातून धावदोरा सुरू करावा, आधी उभे धागे आणि मग त्यांतून एकाआड एक आडवे. फक्त भोकाच्या कडेवर टाके घातले तर ती कडाच फाटते. जीन्स मांड्यांच्या मध्ये विरते; तिथे आतून पातळ सुती ठिगळ लावून वरून मूळ रंगाच्या दोऱ्याने जवळजवळ टिपा माराव्यात.

जुना कपडा विकत घेणे चांगले, पण तो नव्याच्या ऐवजी घेतला तर. नव्याबरोबर आणखी एक म्हणून घेतला तर बचत शून्य. भाड्याचे कपडे रोजच्या वापरासाठी फारसे उपयोगाचे नाहीत: फिनलंडमध्ये 2021मध्ये झालेल्या एका अभ्यासात जीन्स भाड्याने फिरवण्याचा पर्याय सर्वांत जास्त उत्सर्जनाचा निघाला, कारण प्रत्येक ग्राहकाच्या येण्याजाण्याचे इंधन त्यात मोजले होते. आणि फाटके कपडे दानाच्या पेटीत टाकणे हा उपाय नव्हे. घालण्याजोगे नसलेले कपडे समुद्रापार जाऊन घानातल्या बाजारांभोवतीच्या किंवा चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या ढिगाऱ्यांत भर घालतात.

लेबलाच्या मागणीवर एक गंभीर आक्षेप असा की लोक कपडे फाटले म्हणून टाकतात कुठे, कंटाळा आला किंवा मापात बसेना म्हणून टाकतात; मग टिकाऊपणा छापून काय होणार? आक्षेपात तथ्य आहे. पण कंटाळलेल्या माणसाचा कपडा दुसऱ्याने घालायचा तर तो तोवर धड राहिला पाहिजे. चार धुण्यांत पिरगळलेल्या, गोळे आलेल्या शर्टाला दुसरा मालक मिळत नाही. दुसरा आक्षेप किमतीचा: सक्ती झाली की कपडे महागतील आणि गरिबाला झळ बसेल. मला हे उलटे दिसते. किंमत हा टिकाऊपणाचा भरवशाचा निकष नाही. नावाचे पैसे मोजलेला शर्ट लवकर विरतो आणि साधा शर्ट वर्षानुवर्षे चालतो, असे होऊ शकते. ज्याच्याकडे वर्षाला दोनच शर्ट घेण्याइतके पैसे आहेत त्याला हा आकडा सर्वांत जास्त हवा आहे. ज्याच्याकडे भरपूर आहेत तो चुकला तर दुसरा घेईल.

काही सरकारे हलू लागली आहेत. फ्रान्सने 2007पासून कपडे विकणाऱ्यांवर त्यांच्या कचऱ्याच्या खर्चाची जबाबदारी टाकली आणि नोव्हेंबर 2023पासून त्याच निधीतून कपडे-चपलांच्या दुरुस्तीला थेट सवलत दिली. युरोपीय संघाचा इकोडिझाइन नियम जुलै 2024मध्ये लागू झाला. त्यात मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करण्यावरच्या बंदीसाठी 19 जुलै 2026 ही तारीख ठरली, आणि टिकाऊपणाच्या अटी घालण्याची तरतूदही आहे. दिशा बरोबर आहे, पण अटी लिहिताना एका ठिकाणी घसरण्याचा धोका आहे. आटणे आणि रंग यांच्या चाचण्या बहुधा एक ते पाच धुण्यांनंतर घेतल्या जातात. मऊपणाचे फिनिशिंग तोवर शाबूत असते आणि कापडाचा खरा पोत त्याखाली झाकलेला असतो. आकडा 30 धुण्यांनंतरचा हवा, आणि किती धुण्यांनंतर मोजला तेही शेजारीच छापलेले हवे. आटण्याची टक्केवारी, गोळ्यांची श्रेणी, रंगाची श्रेणी आणि शिवणीची ताकद, एवढे चार आकडे धाग्याच्या नावाखाली, त्याच आकाराच्या अक्षरांत मावतात. नमुने उत्पादकाने पाठवलेले नकोत. तपासणी यंत्रणेने ते दुकानातून विकत घ्यावेत आणि आकडा खोटा निघाला तर त्या लॉटचा सगळा माल परत घ्यायला लावावा.